दाताची भीती आणि नाकातील फवारा

(२० मार्च या जागतिक मुखस्वास्थ्य दिनाच्या निमित्ताने विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात, आशा स्वयंसेविका, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार किती मर्यादित आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. मी कलाशाखेचा पदवीधर. नोकरी माहिती खात्यातली. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध आला तो आरोग्यविषयक पत्रकांची मुद्रिते तपासण्यापुरता. ‘दातांची निगा कशी राखावी’ या विषयावरचे एक पत्रक मीच काही वर्षांपूर्वी लिहिले होते. दिवसातून दोनदा दात घासावेत, गोड खाल्ल्यावर चूळ भरावी, वर्षातून एकदा दंतवैद्याकडून तपासून घ्यावे, असे सारे त्यात होते. परंतु दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याचीच ज्याला भीती वाटते त्याने काय करावे, याविषयी एक ओळही त्यात नव्हती. ती ओळ राहून गेली याची जाणीव मला माझ्याच घरात झाली. आजचे भाषण म्हणजे त्या राहून गेलेल्या ओळीची भरपाई आहे.

भीती हाही आजाराचा भाग

दात काढणे, रुतलेली अक्कलदाढ काढणे, हिरडीतील गळू फोडून पू वाहता करणे, मोडून राहिलेले मूळ उकरून काढणे, तोंडातील न भरणाऱ्या चट्ट्याचा लहानसा तुकडा तपासणीसाठी घेणे, या सर्वांना वैद्यकीय भाषेत किरकोळ मुखशल्यक्रिया म्हणतात. ‘किरकोळ’ हे विशेषण शल्यकर्म करणाऱ्याचे आहे. खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला त्यात किरकोळ असे काहीच वाटत नाही. तोंड उघडे, बोलता येत नाही, डोळ्यांवर प्रखर दिवा, समोर सुई आणि कानाशी यंत्राचा आवाज. अशा वेळी धीराचा मनुष्यही खुर्चीचे हात घट्ट धरतो.

या भीतीची किंमत लहान नाही. भिणारा मनुष्य दुखणे सहन करीत राहतो. लवंग, तंबाखूची मिश्री, दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी यांवर महिने काढतो. एका दाताचे दुखणे जबड्यात उतरते, गालावर सूज येते, ताप भरतो. क्वचित प्रसंगी ही सूज गळ्यापर्यंत पोहोचून श्वासाला अडथळा करते आणि जिवावर बेतते.

आपल्या भागाच्या संदर्भात याहून गंभीर गोष्ट आहे ती खर्रा आणि सुपारीची. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली. परंतु सुपारी-तंबाखूचे व्यसन गेलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. तोंडातील पांढरा अथवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर त्याचा तुकडा तपासावा लागतो. ही क्रिया काही मिनिटांची. परंतु ‘तोंडात सुई टोचतील, तुकडा कापतील’ या धास्तीने ती महिनोन्‌महिने लांबणीवर पडली, तर आजार त्या काळात थांबून राहत नाही. म्हणूनच, भीती ही रुग्णाची उणीव न मानता तिला आजाराचाच एक भाग मानावे आणि तिच्यावरही उपचार करावेत, असा विचार आज वैद्यकात रूढ झाला आहे.

दंतवैद्यांचे ऋण

भूलशास्त्राची पहाट दंतवैद्याच्या खुर्चीतच झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील हार्टफर्ड गावचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड वायूचा एक जाहीर प्रयोग पाहिला. तो वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला वेदना जाणवली नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्स यांनी तो वायू स्वतः घेतला आणि सहकाऱ्याकडून आपली दाढ काढवून घेतली. पुढे बोस्टनमध्ये त्यांनी प्रयोग करून दाखविला तेव्हा रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची हेटाळणी झाली. मात्र १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची यशस्वी भूल दिली. तेही दंतवैद्यच.

पुढे केवळ दुखऱ्या जागेपुरती भूल देणारी औषधे आली. आज दंतवैद्य हिरडीत जे लिग्नोकेन टोचतात ते स्वीडनमध्ये १९४३ साली प्रथम तयार झाले. या औषधाने वेदनेचा प्रश्न बव्हंशी सुटला. परंतु भूल देण्याची सुईच ज्याला असह्य वाटते त्याचे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. नाकातील फवारा हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

नाकाचीच वाट का?

भूल आणि गुंगी यांतील भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. संपूर्ण भुलीत मनुष्य बेशुद्ध होतो. गुंगीत तो जागेपणाच्या काठावर असतो. हाक मारली तर ओ देतो, ‘तोंड उघडा’ म्हटले तर उघडतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो. मात्र त्याच्या मनातील धास्ती ओसरलेली असते.

यासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे मिडाझोलाम. ते १९७० च्या दशकात तयार झाले आणि लहान मुलांना शस्त्रक्रियेपूर्वी ते नाकावाटे देता येते, असे १९८८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. हेच औषध तोंडाने दिले तर त्याचा निम्म्याहून अधिक भाग आतडे व यकृत येथेच खर्ची पडतो, आणि परिणाम कमी-जास्त होतो. शिरेतून दिले तर परिणाम चटकन आणि मोजून-मापून साधतो. परंतु त्यासाठी पुन्हा सुई आलीच. नाकाच्या आतील त्वचा पातळ असून तिच्याखाली सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तेथे पडलेले औषध यकृताची फेरी टाळून सरळ रक्तात उतरते. साधारणतः दहा-पंधरा मिनिटांत गुंगी येते आणि अर्धा-पाऊण तास टिकते. एखादा दात अथवा मूळ काढण्यास एवढा अवधी पुरतो.

औषध थेंबाथेंबाने सोडले तर ते घशात उतरते. म्हणून सिरिंजच्या टोकाला मऊ फवारणी बसवितात. तिच्यातून औषध धुक्यासारखे सूक्ष्म तुषार होऊन नाकात पसरते. तरीही या पद्धतीला एक सोपी गणिती मर्यादा आहे. एका नाकपुडीत अर्धा मिलिलिटर, फार तर एक मिलिलिटर औषध मावते. पंधरा किलो वजनाच्या बालकाची मात्रा तेवढ्यात सहज बसते. साठ किलो वजनाच्या प्रौढाला नेहमीच्या तीव्रतेचे औषध दोन मिलिलिटरांहूनही अधिक लागेल आणि ते नाकात ठरणार नाही. म्हणून ब्रिटनमध्ये विशेष गरजा असलेल्या प्रौढ रुग्णांसाठी अधिक तीव्र द्रावण वापरतात. त्यात १० मिलिग्रॅम औषध केवळ पाव मिलिलिटरात सामावते. तेथे पुष्कळदा फवाऱ्याने रुग्ण शांत झाल्यावर मग शिरेत सुई बसवून पुढील गुंगी दिली जाते. म्हणजे फवारा हा पहिला दरवाजा उघडण्यापुरता असतो.

दुसरी अडचण चुरचुरण्याची. मिडाझोलामचे द्रावण आम्लधर्मी असते. नाकात ते काही क्षण झोंबते, डोळ्यांत पाणी येते, घशात कडवट चव उतरते. ‘काहीच लागणार नाही’ असे सांगून फवारा मारणे म्हणजे रुग्णाचा विश्वास पहिल्याच पायरीवर गमावणे होय. न झोंबणारे डेक्समेडेटोमिडिन हे दुसरे औषध अलीकडे वापरात आले आहे. त्याने येणारी गुंगी नैसर्गिक झोपेसारखी असते. परंतु ती यायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब उतरतात, म्हणून त्यावरही लक्ष ठेवावे लागते.

आमच्या घरचा अनुभव

आता मघाशी ज्या जाणिवेचा उल्लेख केला तिच्याकडे वळतो. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याची बौद्धिक वाढ पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकी. तो तेरा वर्षांचा असताना त्याची खालची दाढ किडली. एका दवाखान्यात नेले. त्याने तोंड मिटून घेतले, तेव्हा चौघांनी त्याचे हातपाय धरले. धरणाऱ्यांत मीही होतो. दाढ अर्धी मोडली, मूळ आत राहिले. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता आणि आमच्यापाशी दुसरी माहिती नव्हती. त्यानंतर तीन वर्षे तो मुलगा पांढरा डगला दिसला की पलंगाखाली शिरे. त्या दवाखान्याच्या रस्त्यानेसुद्धा तो जात नसे. आत राहिलेले मूळ पिकले, गाल सुजला, आणि ताई मला म्हणाली, “तू एवढी पत्रके लिहितोस. याच्यासाठी काही आहे का त्यात?”

मी चौकशीला लागलो आणि एका मोठ्या रुग्णालयातील दंतविभागापर्यंत पोहोचलो. तेथील डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीत त्याला नुसते खुर्चीत बसविले, खुर्ची वर-खाली करून दाखविली आणि सूज उतरण्याची औषधे देऊन घरी पाठविले. ताईला त्यांनी एक रिकामी सिरिंज व फवारणी दिली आणि रोज खेळाखेळात त्याच्या नाकाशी न्यायला सांगितले. त्याचे वजन, पूर्वीचे आजार, चालू औषधे, रात्री घोरतो का, हे सारे लिहून घेतले. संमतीपत्र वाचून दाखविले व प्रत्येक कलमाचा अर्थ सांगितला.

ठरलेल्या दिवशी फवारा मारल्यावर त्याला झोंबले. तो शिंकला, रडला, ताईच्या पदरात तोंड लपविले. बारा मिनिटांनी त्याची मान तिच्या खांद्यावर कलली. तो जागा होता. हाक मारली की ‘हं’ म्हणत होता. मग हिरडीत भुलीचे इंजेक्शन दिले. कारण फवारा वेदना घालवीत नाही, फक्त भीती शमवितो; जागेवरची भूल द्यावीच लागते. ज्या मुलाला चौघांनी धरले तरी तोंड उघडले नव्हते, त्याने ते स्वतः उघडले.

तेथे एक परिचारिका होती. तिचे काम एकच, रुग्णाकडे आणि त्याच्या बोटाला लावलेल्या यंत्राकडे पाहत राहणे. २०२० च्या कोरोनाकाळात आपण घरोघरी वापरले तेच हे पल्स ऑक्सिमीटर. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्याचे तत्त्व मांडले. मध्येच त्यावरचा आकडा ९८ वरून ९३ वर आला. परिचारिकेने तो मोठ्याने उच्चारला. डॉक्टरबाईंनी हातातले हत्यार तत्काळ खाली ठेवले, मुलाची हनुवटी वर उचलली, नावाने हाक मारली आणि “श्वास घे बाळा, मोठा श्वास घे” असे सांगितले. त्याने घेतला. आकडा पुन्हा ९७ झाला. साऱ्याला अर्धे मिनिटही लागले नसेल. परंतु माझे हातपाय गार पडले होते. या पद्धतीची सुरक्षितता फवाऱ्याच्या बाटलीत नसून पाहत राहणाऱ्या माणसात असते, हे मला त्या अर्ध्या मिनिटात कळले. त्या दिवशी परिचारिका दुसऱ्या कामाला गेली असती, तर आजचे हे भाषण मी कोणत्या तोंडाने केले असते?

मूळ निघाले. दोन तास त्याला तेथेच ठेवून घेतले. घरी येताना तो अडखळत चालत होता, संध्याकाळपर्यंत झोपून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला त्यातले फारसे काही आठवत नव्हते. आता तो त्या रुग्णालयात जायला कां-कूं करीत नाही. खुर्ची वर-खाली करा म्हणून मात्र हट्ट धरतो.

सावधगिरी कशासाठी?

मुखशल्यक्रियेत शल्यकर्माची जागा आणि श्वासाची वाट एकच असते. रक्त, लाळ, पाणी, दाताचा तुकडा सारे घशाच्या तोंडाशी जमते, आणि गुंगीत खोकण्याची शक्ती मंदावलेली असते. मात्रा थोडी अधिक झाली अथवा एखाद्या शरीराला ती अधिक मानवली, तर गुंगीचे रूपांतर गाढ निद्रेत होऊन श्वास मंदावतो. म्हणून प्राणवायू, लाळ-रक्त ओढून घेणारी नळी, श्वास देण्याची पिशवी व मुखपट्टी आणि ती वापरता येणारा प्रशिक्षित मनुष्य, यांवाचून ही पद्धत वापरू नये. मिडाझोलामचा परिणाम उलटविणारे फ्लुमाझेनिल नावाचे औषध आहे. परंतु त्याचा प्रभाव आधी ओसरतो आणि गुंगी परत येऊ शकते. म्हणून ते दिल्यावरही पहारा चालूच ठेवावा लागतो.

हा उपाय सर्वांना लागू पडत नाही. नाक चोंदलेले असेल तर औषध शोषले जात नाही. झोपेत श्वास अडखळणारे, फुप्फुसाचा जुना आजार असलेले, झोपेच्या अथवा तीव्र वेदनाशामक औषधांवर असलेले, मद्यपान केलेले आणि गरोदर स्त्रिया यांच्याबाबतीत डॉक्टर फार विचारपूर्वक निर्णय घेतात. खर्रा-सुपारीने ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्यांना भीती वाटते तशीच जोखीमही अधिक असते. कारण श्वासाला अडचण आली तर तोंडावाटे मदत करणे कठीण. काही मुले या औषधाने शांत होण्याऐवजी चिडतात, आरडाओरडा करतात. तेव्हा क्रिया थांबवावी लागते आणि भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियागृहात संपूर्ण भूल देणे हाच मार्ग उरतो. असे झाले तर पालकांनी ते अपयश मानू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फेफऱ्याचा झटका थांबविण्यासाठी मिडाझोलामचा नाकात मारावयाचा फवारा डॉक्टर काही कुटुंबांना घरी ठेवण्यास सांगतात. तो त्या कामासाठीच आहे. ‘दात काढायला जायचे आहे, घरूनच दोन फवारे मारून नेऊ’ असा विचार कोणीही करू नये. रस्त्यात श्वास मंदावला तर तेथे पाहणारी परिचारिका नसते.

पालकांनी काय विचारावे?

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. गुंगी देऊन दात काढण्याचे ठरले तर पुढील पाच प्रश्न नम्रपणे, परंतु अवश्य विचारावेत.

१. गुंगी देणाऱ्या डॉक्टरांनी तिचे प्रशिक्षण घेतले आहे काय?

२. शल्यकर्म चालू असताना केवळ रुग्णाकडे पाहणारी दुसरी व्यक्ती असेल काय?

३. प्राणवायू, ऑक्सिमीटर आणि श्वास देण्याची साधने खोलीतच आहेत काय?

४. किती तास उपाशी राहावयाचे? (सामान्यतः सहा तास अन्न व दोन तास पाणी वर्ज्य असते, तथापि डॉक्टर सांगतील तेच प्रमाण मानावे.)

५. घरी केव्हा जाऊ देणार, आणि रात्री काही वाटले तर कोणाशी संपर्क साधावयाचा?

आपल्याकडूनही काही पथ्ये पाळली गेली पाहिजेत. रुग्णासोबत जबाबदार प्रौढ व्यक्ती हवी. पुढील चोवीस तास वाहन चालविणे, यंत्रावर काम करणे, विहिरीवर अथवा चुलीपाशी एकटे असणे, महत्त्वाच्या कागदावर सही करणे टाळावे. या औषधाने त्या वेळची आठवण पुसट होते, म्हणून सूचना रुग्णाला तोंडी न सांगता सोबतच्या व्यक्तीला लेखी द्याव्यात. त्याच कारणाने, रुग्ण गुंगीत असताना खोलीत एकाहून अधिक व्यक्ती असणे, हा त्याच्या सन्मानाचाही प्रश्न आहे.

हक्क आणि कर्तव्य

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम २५ अन्वये दिव्यांगांना आरोग्यसेवा अडथळ्याविना आणि प्राधान्याने मिळाली पाहिजे. अडथळा म्हणजे केवळ जिना नव्हे. ज्या मुलाला सुई का टोचतात हे समजावून सांगता येत नाही, त्याच्यासाठी ती सुई हाच अडथळा आहे. आशा भगिनींना माझी विनंती की, आपल्या गावात असे कोणी मूल दाताच्या दुखण्याने जेवत नसेल, कोणी वृद्ध तोंडातला चट्टा लपवीत असेल, तर त्यांना ‘घाबरू नका’ एवढेच सांगून थांबू नका. ‘भीती वाटते हे डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपाय आहे’ असे सांगा. नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. आपल्या जवळच्या शासकीय रुग्णालयातील दंतवैद्य योग्य ठिकाणचा रस्ता दाखवू शकतील. प्रत्येक गावी ही सोय होणार नाही आणि पुरेशा देखरेखीवाचून ती होऊही नये. परंतु अशी सोय असते, ही माहिती मात्र प्रत्येक गावी पोहोचली पाहिजे. ते काम माझ्या खात्याचे आहे.

माझ्या त्या जुन्या पत्रकाच्या नव्या आवृत्तीत एक परिच्छेद वाढविला आहे. त्याची सुरुवात अशी आहे: ‘दातांच्या डॉक्टरांची भीती वाटत असल्यास तसे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे.’ छपाईपूर्वी ते मी ताईला वाचून दाखविले. ती म्हणाली, “हे तीन वर्षांपूर्वी लिहायला हवे होतेस.” तिचे म्हणणे खरे आहे. म्हणून आज ते आपल्यापुढे मोठ्याने वाचून दाखविले.